नवी दवंडी

पूर्वी गावात दवंडी पिटत. डफावर थाप पडली की बायका दारात येत. माणसे हातातले काम थांबवत. "ऐका हो ऐका! उद्या सकाळी चावडीवर साहेब येणार हो!" दवंडी ऐकायला पैसा पडत नसे. वाचता यावे लागत नसे. कान असले की पुरे. तरी तेव्हाही एक उणीव होतीच. लांबच्या वाडीवर आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीवर दवंडी कधी उशिरा पोचे, कधी पोचतच नसे. ज्याला बातमी नाही, तो मागे राही.

आज दवंडी बदलली आहे. पीक विम्याची मुदत, दाखल्याचा अर्ज, बाजारभाव, पावसाचा इशारा, सारे फोनवर येते. डफ गेला आणि खिशातला फोन आला. ही नवी दवंडी घरबसल्या ऐकू येते. पण कोणाला? ज्याच्याकडे फोन आहे त्याला. ज्याला तो वापरता येतो त्याला. ज्याच्या गावात तारा पोचल्या आहेत त्याला. बाकीच्यांचे काय? त्यांच्यासाठी ती दवंडी झालीच नाही!

माहिती असलेला आणि माहिती नसलेला, या दोघांमध्ये एक दरी पडते. ही दरी डोळ्यांना दिसत नाही. पण एकाला अनुदान मिळते आणि शेजारच्याला मिळत नाही, तेव्हा ती दिसते. ही दरी कशी बुजवायची, ते या धड्यात आपण पाहू.

१. रेडिओभोवती बसलेली गावे

ही गोष्ट 1956 सालची आहे. तेव्हा खेड्यात फोन नव्हता. दूरदर्शन नव्हते. रेडिओही एखाद्याच घरी असे. त्या वर्षी आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक प्रयोग केला. जगातील राष्ट्रांची युनेस्को नावाची संस्था आहे, तिने त्याला मदत केली. आपल्याकडच्या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे निवडली. गावोगावी शेतकऱ्यांची मंडळे केली. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी मंडळी रेडिओभोवती जमत आणि शेतीचा कार्यक्रम ऐकत.

ऐकून झाले की घरी जायचे नाही, असा नेम होता. रेडिओ बंद करायचा आणि बोलायला बसायचे. "हे आपल्या रानात जमेल का?" "बियाणे कोठून आणायचे?" "खर्च किती?" एकजण ते टिपून घेई. प्रश्न उरले तर ते केंद्राकडे पाठवत. त्या प्रश्नांची उत्तरे पुढे रेडिओवरून मिळत.

शेवटी तपासणी झाली. ज्या गावांत मंडळे होती त्या गावांतल्या लोकांचे ज्ञान पुष्कळ वाढले होते. काही गावांत रेडिओ होता, पण मंडळ नव्हते. तेथे मात्र फारसा फरक पडला नव्हता!

मंडळी, हे नीट ध्यानात घ्या. रेडिओ दोन्हीकडे होता. आवाज तोच होता. एका गावात लोक एकत्र बसले, दुसऱ्या गावात बसले नाहीत. एवढाच काय तो फरक. यंत्र माहिती आणून देते. ती माहिती कामाला लावतात माणसे.

२. वारणेकाठची गोष्ट

आता पुढची गोष्ट. वारणा नदीच्या काठी, कोल्हापूर जिल्ह्यात, वारणानगर आहे. तात्यासाहेब कोरे यांनी तेथे सहकारी साखर कारखाना उभा केला. भोवतालची खेडी उसाची. उसाच्या शेतकऱ्याला वर्षभर काय काय विचारावे लागते, ते ऊस लावणाऱ्याला सांगायला नको. माझ्या लागणीची नोंद झाली का? तोडीची पाळी कधी? वजन किती भरले? खताचे किती कापले? बिल कधी निघणार? एवढे विचारायला कारखान्याच्या कचेरीत हेलपाटे घालावे लागत. गाडीभाडे जाई आणि दिवस मोडे.

1998 साली तेथे मोठे काम सुरू झाले. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्था एकत्र आल्या. सुमारे 70 गावांसाठी योजना आखली. गावोगावी माहिती केंद्रे काढून तेथे संगणक ठेवले आणि ते कारखान्याच्या कचेरीशी जोडले. शेतकऱ्याला गावातच नोंद करता यावी, गावातच पावती मिळावी, हा हेतू. शिवाय बाजारभाव कळावा, शेतीचा सल्ला मिळावा, मुलांना शिक्षण मिळावे, असेही मनात होते.

पुढे काय झाले? संगणकाचा उपयोग झाला. पण तो मुख्यतः उसाच्या हिशेबासाठी झाला. बाकीच्या मोठ्या गोष्टी मागे पडल्या. याचे कारण उघड आहे. वजन आणि बिल ही माणसाची रोजची काळजी. जी गोष्ट पोटाशी बांधलेली असते, तिच्यासाठी माणूस पायऱ्या चढतो. दुसरे असे की, संगणकापुढे चालक बसे आणि शेतकरी त्याला विचारी. यंत्र गावात आले, पण शेतकऱ्याच्या हातात आले नाही. शिवाय संगणक महाग. त्याला वीज हवी, देखभाल हवी, जोडणी हवी.

पुढे 2006-07 च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या संशोधकांनी तेथेच दुसरा प्रयोग केला. सात गावे घेतली. आठ महिने काम चालले. संगणकाऐवजी साधा मोबाइल फोन वापरला. फोनवरून चिठ्ठीसारखा लहान संदेश पाठवायचा आणि उत्तरही फोनवरच घ्यायचे. संगणकावर जी कामे होत होती, ती सारी या साध्या फोनवर झाली. खर्च कमी आला. सोय जास्त झाली. शेतकऱ्यांनाही हीच रीत अधिक आवडली.

यातून काय घ्यायचे? मोठे यंत्र म्हणजे मोठे काम, असे नाही. सुईचे काम तलवारीने होत नाही. जे स्वस्त आहे, हाताशी आहे आणि आपल्या गरजेला लागू पडते, तेच साधन गावाच्या कामाचे.

३. आपला कागद आपल्या डोळ्यांनी

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येऊ. शेतकऱ्याच्या घरी सर्वांत मोलाचा कागद कोणता? सातबारा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून सातबारा होतो. सातव्या नमुन्यात जमीन कोणाच्या नावावर आहे, किती आहे, तिच्यावर बोजा आहे का, हे असते. बाराव्यात पिकांची नोंद असते.

पूर्वी हा कागद तलाठ्याच्या दप्तरात बंद असे. आज तो 'महाभूलेख' या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. पाहायला पैसे पडत नाहीत. जिल्हा, तालुका, गाव निवडायचे आणि गट नंबर घालायचा. 2018 सालापासून डिजिटल सहीचा सातबाराही मिळू लागला. त्याची सरकारी फी 15 रुपये ठरली. कचेरीच्या कामाला सहीचाच उतारा लागतो. नुसता पाहायचा उतारा चालत नाही, हे ध्यानात ठेवा.

पिकाची नोंदही आता शेतकऱ्याला स्वतः करता येते. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. रानात उभे राहायचे, पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद पाठवायची. नोंद नसली तर पुढे कर्ज, विमा, नुकसानभरपाई यांच्या वेळी अडचण येते. म्हणून मुदतीच्या आत नोंद करावी.

आता एक महत्त्वाची गोष्ट. समजा, घरचा कर्ता माणूस वारला. वारसांची नावे लावायची आहेत. भावांनी आपापली नावे दिली आणि बहिणीचे नाव राहून गेले. ती सासरी आहे. तिला कोण सांगणार? जमिनीच्या नोंदीत असा बदल होतो, त्याला फेरफार म्हणतात. फेरफार पक्का होण्याआधी त्याची नोटीस निघते. हरकत घ्यायला 15 दिवसांची मुदत असते. पूर्वी ही नोटीस फक्त गावच्या चावडीत लागे. सासरी असलेल्या लेकीला ती दिसणार कशी? आज 'आपली चावडी' नावाच्या सरकारी संकेतस्थळावर ती नोटीस पाहता येते. लेक दुसऱ्या जिल्ह्यात असो की मुंबईला असो, तिला वाचता आले आणि कोठे पाहायचे ते ठाऊक असले, तर ती मुदतीत अर्ज देऊ शकते. नाही पाहिले तर पंधरा दिवस निघून जातात. मग दावे, वकील आणि वर्षानुवर्षांच्या तारखा.

बघा, फोन तोच आहे. कोणी त्यावर गाणी ऐकतो. कोणी त्यावर आपला हक्क राखतो.

४. कचेरीत हात जोडू नका, पोच मागा

महाराष्ट्रात 2015 साली लोकसेवा हक्काचा कायदा झाला. त्याचा अर्थ सोपा आहे. दाखला देणे हे उपकार नव्हेत. ठरलेल्या सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा आपला हक्क आहे. कोणती सेवा, किती दिवसांत, किती फी आणि कोण अधिकारी देणार, हे कचेरीत फलकावर लावावे लागते. मुदतीत काम झाले नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते.

यासाठी 'आपले सरकार' हे संकेतस्थळ आहे. गावातल्या सेवा केंद्रातूनही अर्ज करता येतो. अर्ज केला की त्याचा एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक वहीत लिहून ठेवा. क्रमांक हाती असला की अर्ज कोठवर आला, हे पाहता येते. क्रमांक नसला तर "उद्या या, परवा या" ऐकत बसावे लागते.

केंद्रावर गेलात तर तीन गोष्टी करा. फलकावरची फी वाचा. जितकी लिहिली तितकीच द्या. पावती घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. आपण आता वाचायला शिकलो ना? मग पावती वाचूनच खिशात ठेवायची.

ग्रामपंचायतीचेही असेच आहे. 2020 साली केंद्र सरकारने 'ई-ग्रामस्वराज' सुरू केले. पंचायतीने वर्षाचा कोणता आराखडा केला आणि कोणत्या कामावर किती खर्च दाखवला, हे तेथे पाहायला मिळते. तेथे गटाराचे काम पुरे झालेले दिसते आणि आपल्या आळीत अजून चिखल आहे, तर ग्रामसभेत उठून विचारावे. भांडायचे कारण नाही. आकडा वाचून दाखवावा आणि शांतपणे विचारावे, "हे काम कोठे झाले, जरा दाखवता का?" आकड्याला उत्तर द्यावेच लागते.

५. दरी घरातही असते

दरी काही फक्त शहर आणि खेडे यांत नाही. ती एका छपराखालीही असते. 2019 ते 2021 या काळात देशभर कुटुंब आरोग्याची पाहणी झाली. 15 ते 49 वयाच्या माणसांना विचारले, "इंटरनेट कधी वापरले आहे का?" 100 पुरुषांत 57 जण हो म्हणाले. 100 बायकांत फक्त 33 हो म्हणाल्या.

असे का? घरात फोन एक. तो मालकाच्या खिशात. तो रानात गेला की फोनही रानात. बचत गटाचा हिशेब बाईने ठेवायचा, लेकराच्या लसीची तारीख बाईने सांभाळायची, रेशनला बाईने जायचे. पण निरोप येतो तो मालकाच्या फोनवर. तो कधी सांगतो, कधी विसरतो.

म्हणून आम्ही म्हणतो, रोज एक तास फोन घरातल्या बाईच्या हातात असावा. तिचे बँकेचे खाते असेल तर त्याला जोडलेला नंबर तिला पाठ असावा. तिची गुप्त खूण तिलाच ठाऊक असावी. "तुला काय कळतंय त्यातलं?" असे कोणी म्हणू नये. चूल पेटवायला शिकली, बँकेत सही करायला शिकली, तशी हेही शिकेल.

ज्याला अजून भरभर वाचता येत नाही, त्यानेही बिचकू नये. आजच्या फोनला मराठी कळते. मराठीत बोलले की तो लिहितो. लिहिलेले तो वाचूनही दाखवतो. पण जेथे पैशाचा आकडा आहे आणि जेथे संमती द्यायची आहे, तेथे स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे. नसेल जमत तर विश्वासाच्या माणसाकडून वाचून घ्यावे.

६. दारातून चोर, फोनमधून चोर

जेथे पैसा तेथे चोर. पूर्वी चोर भिंतीला भोक पाडून येई. आता तो गोड बोलून येतो. एका घरातले हे बोलणे ऐका.

आजी : अगं, फोन आला होता. बक्षीस लागलं म्हणे. पाच हजार खात्यावर यायचे आहेत. फक्त आकडे दाब म्हणाला.

नात : कोणते आकडे, आजी?

आजी : तेच गं, गुपचूप ठेवायचे ते. पिन का काय म्हणतात ते.

नात : दाबलेस की काय?

आजी : छे! म्हटलं, नातीला विचारते आधी.

नात : बरं केलंस. आजी, पैसे यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे जायला.

आजी : अस्सं! म्हणजे किल्ली मागत होता मेला!

आजीने बरोबर ओळखले. पिन म्हणजे कुलपाची किल्ली. ओटीपी म्हणजे एका वेळेपुरती दिलेली किल्ली. बँकेचा माणूस किल्ली मागत नाही. जो मागतो तो बँकेचा नव्हे.

दुसरा एक प्रकार भीतीचा आहे. फोनवर खाकी कपड्यातला माणूस दिसतो. म्हणतो, "तुमच्या नावावर गुन्हा आहे. फोनवरच अटक झाली आहे. कोणाला सांगू नका. पैसे भरा." मंडळी, फोनवरून अटक करण्याची सोय कोणत्याही कायद्यात नाही. 'कोणाला सांगू नका' हे शब्द ऐकले की ओळखा, हा चोर आहे. फोन ठेवा आणि चार माणसांना सांगा.

पैसे गेलेच, तर रडत बसू नका. लाजूही नका. शिकलेली माणसेही फसतात. ताबडतोब 1930 या नंबरवर फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

७. गावाने काय करावे?

1956 सालच्या मंडळांनी वाट दाखवली आहेच. रेडिओ गेला, फोन आला, पण वाट तीच. आपल्या गावात असे मंडळ करता येईल.

दहा-पंधरा माणसे पुरेत. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. देऊळ, शाळा, समाजमंदिर, जेथे सर्वांना मोकळेपणी येता येईल अशी जागा निवडा. ज्या जागी एखाद्या वस्तीचा माणूस यायला संकोचतो, ती जागा निवडू नका. बायकांना सोयीची वेळ बायकांनाच विचारा. चांगला फोन एकच असला तरी काम होते.

प्रत्येक बैठकीला एकच प्रश्न घ्या. एकदा सातबारा पाहायला शिका. एकदा पीक पाहणी. एकदा बाजार समितीतला भाव. एकदा पंचायतीचा खर्च. गावातली कॉलेजात जाणारी पोरे-पोरी मदतीला घ्या. मात्र फोन पोराने स्वतः दाबून दाखवायचा नाही. शिकणाऱ्याच्या हातात द्यायचा. पोहणे काठावर बसून येत नाही.

मिळालेली माहिती फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा. तारीख घाला. कोठून मिळाली तेही लिहा. फोनवर फिरत आलेली प्रत्येक गोष्ट खरी नसते. औषधाचा, दंगलीचा किंवा फुकट वाटपाचा निरोप आला, तर आधी तपासा. सरकारी संकेतस्थळावर आहे का? संबंधित कचेरी काय म्हणते? खात्री झाली नाही तर पुढे धाडू नका. खोटी दवंडी पिटणाऱ्याला गाव माफ करत नसे. ती रीत आजही पाळावी.

आणि ज्याच्याकडे फोन नाही, त्याच्या घरी निरोप पोचवायचे काम वाटून घ्या. कोणती वाडी कोणी सांभाळायची, ते ठरवा. म्हाताऱ्या माणसाला, एकट्या बाईला, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला निरोप गेला का, हे पुढच्या बैठकीत विचारा. शेवटच्या घरी निरोप पोचला, म्हणजेच दवंडी पुरी झाली.

1959 साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावकऱ्यांनी गावकऱ्यांना शिकवले. ती मोहीम पुढे महाराष्ट्रभर पसरली. ज्याला अक्षर आले त्याने ते शेजाऱ्याला दिले. आज आपल्याला अक्षर आले आहे. आता त्याच अक्षरांनी फोन वाचायचा आहे, आणि शेजाऱ्यालाही वाचायला शिकवायचे आहे.

शब्दांचे अर्थ

संकेतस्थळ – फोनवर किंवा संगणकावर पाहायची जागा. जशी गावात चावडी, तशी तेथे ही.
फेरफार – जमिनीच्या नोंदीत झालेला बदल.
बोजा – जमिनीवर असलेले कर्ज.
पोच – अर्ज मिळाल्याची खूण.
पिन, ओटीपी – पैशाच्या कुलपाच्या किल्ल्या. कोणालाही द्यायच्या नाहीत.

विचार करा आणि सांगा

1. रेडिओ असूनही काही गावांत ज्ञान का वाढले नाही?
2. वारणेकाठच्या शेतकऱ्यांना संगणकापेक्षा साधा फोन का आवडला?
3. फेरफाराची नोटीस वेळेवर वाचली नाही तर काय होते?
4. पैसे यायला पिन लागतो की जायला?
5. तुमच्या गावात नवी दवंडी कोणत्या घरांना ऐकू येत नाही?

करून पाहा

आपल्या गट नंबरचा सातबारा फोनवर उघडा. त्यातली सर्व नावे मोठ्याने वाचा. घरातल्या आईचे, बहिणीचे नाव जेथे असायला हवे तेथे आहे का, ते पाहा. नसेल तर का नाही, ते घरात विचारा. 1930 हा नंबर घराच्या भिंतीवर खडूने लिहा. पाचव्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहा आणि त्यांतल्या एका घरी या आठवड्यात जाऊन या.